खांबाच्या सपाता

ती. भाऊजी यांस,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते. पण साष्टांग म्हणजे आठही अंगांनी मान द्यायचा, आणि माझी त्यातली दोन अंगं (घोट्याखालची) गेले काही महिने माझंच ऐकत नाहीत, तिथे तुम्हाला कुठला मान देणार? तेव्हा राहिलेल्या सहांचा नमस्कार गोड मानून घ्यावा. ही तक्रार नव्हे. मला तुमच्याकडून काहीही नको आहे. सहज आठवण आली म्हणून लिहिते आहे, हे आधीच सांगून ठेवते, कारण मेहुणीचं पत्र आलं की तुम्ही पहिलं पान न वाचता शेवटचं उलटता, हे ताईने मला कधीच फोडलं आहे.

तुमचा खोकला कसा आहे? ताईचं बीपी? (ते वाढतं तुमच्यामुळे असं ताई म्हणते आणि उतरतं गोळीमुळे असं डॉक्टर म्हणतात, तुमच्या वाट्याला कायम अर्धंच श्रेय.) इकडे तुमचे साडू खुशाल आहेत. त्यांचं काम बसायचं, घरी आल्यावरही ते बसतात, आणि मधल्या प्रवासात जागा नाही मिळाली तर त्या दिवशी जेवताना त्याची हकिकत असते. मी सबंध दिवस उभी असते, पण माझी हकिकत होत नाही, कारण उभं राहण्यात सांगण्यासारखं काही घडतच नाही असा सगळ्यांचा समज आहे. तो समज दूर करण्यासाठीच हा कागद खर्ची घालते आहे.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. ऑपरेशनच्या खोलीत, म्हणजे आमच्या बोलण्यात ओटीत, सर्जनसमोर उभं राहून त्याच्या हातात हत्यारं द्यायची. ताई लोकांना सांगते, "माझी बहीण ऑपरेशनं करते." हे खोटं आहे. तुम्ही सांगता, "आमची मेहुणी चिमटे पुरवते." हे खरं आहे, पण खरं बोलायचीसुद्धा एक रीत असते. असो. या कामात एकदा हात धुऊन, हातमोजे चढवून उभं राहिलं की हात छातीच्या खाली आणि कमरेच्या वर, एवढ्याच पट्टीत ठेवायचे. नाक खाजलं तरी नाक परकं. कमरेखालचा तर सगळा मुलूखच परका. तिकडे पाहायचंही नाही. पायाला मुंग्या आल्या, टाच ठणकली, सपातेत खडा शिरला, तर ते पायाचं पाय बघेल. वर पोट उघडलेलं असतं, तिथे आपल्या टाचेची बाजू कोण मांडणार?

तर पायांनी स्वतःच ती मांडायला सुरुवात केली. आधी दुपारी घोटे फुगायला लागले. मग सकाळी अंथरुणातून उतरताना पहिलं पाऊल टाकलं की कुणीतरी टाचेखाली खिळा उभा करून ठेवल्यासारखं व्हायचं (दहा पावलांनंतर खिळा जायचा, म्हणून तुमच्या साडूंना तो कधी दिसला नाही, ते अकराव्या पावलाला उठतात). पोटऱ्यांवर निळ्या शिरा अशा उठल्या की एखाद्या मोठ्या शहराच्या नळयोजनेचा नकाशा वाटावा. आमच्याकडे कामवाली, नवरा आणि शेजारीण या तिघांना न विचारता सल्ला द्यायची सोय आहे, त्यामुळे उपायांची कमतरता पडली नाही. शेजारणीने सांगितलं म्हणून मऊ सपाता आणल्या. दुकानदार म्हणाला, ढगावर उभं राहिल्यासारखं वाटेल. वाटलं. ढगावर उभा राहिलेला माणूस जसा खाली येईल तशी माझी टाच खाली आली, आणि दुखणं टाचेतून कमरेपर्यंत पोचलं.

मग तुमच्या साडूंनी कुठेतरी वाचून दाबाचे मोजे आणले. ते विकताना दुकानदाराने म्हणे "जरा घट्ट वाटतील" असं सांगितलं होतं. अजगरही हरणाला बहुधा हेच सांगत असावा. ते मी संध्याकाळी, कामावरून येऊन, पाय चांगले टम्म फुगल्यावर चढवायला घेतले. मी पलंगाचा खूर धरला, साडूंनी मोज्याचा काठ धरला आणि दोघांनी जोर लावला. मोजा माझ्या गुडघ्यापर्यंत पोचला तेव्हा साडू भिंतीपर्यंत पोचले होते. "निघेल ना आता हा?" मी विचारलं, तर म्हणाले, "आधी मला उठव." त्यांची पाठ धरली ती आठवडाभर, त्या आठवड्यात घरात पाठीचीच चर्चा झाली. पाय पुन्हा मागे पडले.

एवढ्यावर भागलं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. पण आमच्या ओटीत एक चाकांची बादली आहे. भिजलेले बोळे-फडकी टाकायची ती. हात लावायचा नसतो म्हणून पायाने ढकलतात. एके दुपारी केस संपली, सगळे बाहेर गेले, खोलीत मी आणि बादली. मी तिच्यावर झाकण ठेवलं आणि क्षणभर टेकले. बादलीला माणसांची सवय नव्हती. ती निघाली. मला वाटलं टेबलाला अडेल, पण तिने टेबलाला वळसा घातला (आमचे नवे डॉक्टर ढकलतात तेव्हा ती कधीही एवढी नीट जात नाही), आणि झुलत्या दारातून मी बादलीवर स्वार होऊन थेट मेट्रनबाईंच्या पुढ्यात अवतरले.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मेट्रनबाई ओरडत नाहीत. त्या तुमच्याकडे बघतात आणि तुम्ही स्वतःला ओरडता. त्या म्हणाल्या, "बाई, तुला बसायचंच आहे ना? मग नीट बस." आणि पुढल्या महिन्यापासून माझी बदली भांडारात. भांडार म्हणजे जिथे औषधं, कापूस, हातमोजे ठेवतात ती खोली. तिथे काम काय, तर गोष्टी मागायला लोक येतात आणि त्यांना "नाहीत" म्हणायचं. तिथे एक खुर्ची आहे. पाठीला उशी, हाताला हात, वर-खाली होणारी. तिच्याकडे सबंध हॉस्पिटलचा डोळा आहे. बातमी फुटली तशी जो तो येऊन म्हणायला लागला, "नशीब काढलंस!" आमची फिरती (म्हणजे ओटीत हात न धुता लागेल ते इकडून तिकडे आणून देणारी सिस्टर, आमची ही जरा अंगाने भरलेली आहे, पण फिरते भोवऱ्यासारखी) तर गळ्यात पडून रडली, आणि ते रडणं माझ्यासाठी नव्हतं, खुर्चीसाठी होतं.

मी घरी येऊन रडले. खुर्ची मिळाली म्हणून रडणारी जगातली मी पहिलीच बाई असेन. तुमचे साडू म्हणाले, "अगं, पण बसायला मिळणार!" त्यांना कसं सांगू? तुम्हाला सांगते, कारण तुम्ही हाताने काम करणारे आहात आणि शिवाय पत्रातून तुम्ही मला लगेच उत्तर देऊ शकत नाही. भाऊजी, वरचा दिवा लागतो, पोट उघडतं, आणि आत सगळं जिवंत, ओलं, आपापल्या कामाला लागलेलं असतं. आतड्यांना कुणी सांगितलेलं नसतं की आज ऑपरेशन आहे. ती आपली संथपणे पुढे सरकत असतात. इतकी वर्षं झाली, पण दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो. मग सर्जनचा हात नुसता उघडतो. तो काही मागत नाही, मान वळवत नाही. आणि त्याला हवं ते हत्यार, हव्या त्या बाजूने, मी त्यात ठेवलेलं असतं. त्या हाताला मी कधी चुकवलेलं नाही. माझ्या सबंध आयुष्यात मला नेमकं येतं ते एवढंच, आणि ते बसून येत नाही.

म्हणून मी मेट्रनबाईंच्या दारात जाऊन उभी राहिले (उभं राहणंच सिद्ध करायचं होतं, त्यामुळे तशी सुरुवात बरी). बऱ्याच वेळाने त्यांनी वर पाहिलं. म्हणाल्या, बुधवारी मोठी केस आहे, दिवसभर चालेल. ती न टेकता, न डगमगता पार पाडलीस तर पुढचं बोलू. भिंतीला पाठ लागलेली दिसली, की गुरुवारी भांडार. "मी काचेतून बघणार आहे," हे त्यांनी सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

आता बुधवारचे सर्जन. त्यांना आम्ही खांब म्हणतो. देह दाराएवढा, बोलणं दोन शब्दांचं, आणि उभं राहणं असं की एकदा टेबलापाशी रोवले की केस संपेपर्यंत निघत नाहीत. सहायक डॉक्टर पाय बदलतात, भूल देणारे डॉक्टर तर स्टुलावर बसून शब्दकोडं सोडवतात, पण खांब हलत नाही. मी या माणसाची टिंगल करण्यात बरीच वर्षं घालवली आहेत. गाऊनखाली पाय नसून सिमेंट आहे, लबाड ठेकेदाराचं नव्हे तर जुन्या पद्धतीचं, हा सिद्धांत माझाच. मनातून मात्र मला त्यांचा हेवा वाटायचा. माणसाला दुखतच नसेल तर तो कशावरही उभा राहील.

ओटीच्या दारात एक लाल रेघ असते. बाहेरची पादत्राणं रेघेबाहेर, आतल्या सपाता आत. आतल्या सगळ्या सारख्या: हिरव्या, रबरी, पुढून बंद, मागून उघड्या. ज्याने त्याने टाचेवर शाईने आपलं नाव लिहिलेलं असतं. मंगळवारी सफाईवाल्या मावशींनी कुठलंसं नवं जंतुनाशक वापरलं. जंतूंचं काय झालं माहीत नाही, पण नावं सगळी मेली. बुधवारी सकाळी मांडणीवर नुसत्या हिरव्यागार सपाता, ओळख पटायला एकही खूण नाही. मी घाईत माझ्या मापाचा जोड पाहिला, पाय घातले आणि गेले. पायात दाबाचे जाड मोजे होते, त्यामुळे आत काय आहे ते कळायचा प्रश्न नव्हता.

केस सुरू झाली. मी दुखण्याची वाट पाहत होते. माझं दुखणं वेळेच्या बाबतीत काटेकोर आहे. पोट उघडून झालं की टाच बोलते. टाच बोलली नाही. मग पोटऱ्यांची पाळी असते, त्या गप्प. सकाळ सरली, तरी कंबरही आली नाही. मला काळजीच वाटायला लागली. रोज वेळेवर येणारा माणूस एक दिवस आला नाही की वाटते तशी. मग वाटलं, मोजे लागू पडले! मी मनातल्या मनात तुमच्या साडूंची माफी मागितली (हे त्यांना कळवू नका, माफी पुढे परत घ्यावी लागली). पाय जमिनीवर आहेत की नाहीत याचाच पत्ता लागत नव्हता. मी काचेकडे बघून मेट्रनबाईंना मास्कआडून हसले सुद्धा.

आणि तेवढ्यात खांब हलला.

किंचितच. डावीकडून उजवीकडे. पण भूल देणारे डॉक्टर शब्दकोडं टाकून उभे राहिले आणि सगळ्या यंत्रांचे आकडे वाचायला लागले. सहायक डॉक्टरचा चेहरा मास्कबाहेर जेवढा होता तेवढा पांढरा पडला. खांब हलतो म्हणजे छप्पर जातं. आत काहीतरी भयंकर सापडलं असणार, असंच सगळ्यांना वाटलं. पोटात तर सगळं ठीक दिसत होतं. खांब पुन्हा हलला. आणि टेबलापलीकडून आवाज आला: कुर्र.

भाऊजी, तो आवाज मी कुठेही ओळखला असता. माझी उजवी सपात टाचेशी झिजली आहे, तिच्यावर भार पडला की ती कुरकुरते. साडूंचं घोरणं आणि त्या सपातेचं कुरकुरणं, या दोन आवाजांत माझी गेली काही वर्षं गेली आहेत. आणि ती पलीकडे, खांबाच्या पायाखाली कुरकुरत होती! म्हणजे मी ज्यावर इतका वेळ परीसारखी उभी होते ते मोजे नव्हतेच. मी खांबाच्या सपातेत होते, आणि खांब माझ्या. दाराएवढ्या देहाला पाय माझ्या मापाचे!

गप्प राहिले असते तर? खरं सांगते, तो विचार आला आणि चांगला पाय पसरून बसला. काचेत मेट्रनबाई होत्या. बोलले तर सपाता परत, दुखणं परत, गुरुवारी खुर्ची. खांबाचा हात अजून स्थिर होता. पण पायाचं दुखणं पायात राहत नाही. ते पोटरी, कंबर, खांदा असं करत करत बोटांत उतरतं, हे मला कुणी शिकवायला नको. आणि त्या बोटांखाली एक माणूस झोपला होता. भूल चढण्याआधी त्याने मला विचारलं होतं, "सिस्टर, तुम्ही शेवटपर्यंत असाल ना?" मी "हो" म्हटलं होतं, त्यात माझ्या टाचांना विचारलं नव्हतं.

"सर," मी म्हटलं, "आपल्या सपाता बदलल्यात."

पोटातून वर न बघता त्यांनी विचारलं, "कुणाशी?"

"माझ्याशी."

त्यांनी हातातली गाठ पुरी केली. मग म्हणाले, "तरीच." आणि पुढे: "फिरती. खाली."

आम्हा दोघांना वाकता येत नाही, हात लावता येत नाही, टेबल सोडता येत नाही. फिरतीला हे सगळं येतं. ती हिरव्या चादरी सांभाळत, पोट आत घेत टेबलाखाली शिरली (तिच्या अंगलटीच्या बाईने हे करावं म्हणजे खरोखर धन्य) आणि नुसता तिचा आवाज यायला लागला. "पाय उचला!" "कुणी?" सहायकाने विचारलं. "ज्याचा माझ्या हातात आहे त्याने!" "तो माझा आहे." "मग तुम्ही कशाला उचलताय? ठेवा!" वर खांब एका पायावर, मी एका पायावर, मध्ये उघडं पोट, आणि त्याच वेळी त्यांचा हात उघडला आणि मी त्यात चिमटा ठेवला. चुकला नाही. दोन बगळ्यांनी एका तळ्यावर मासेमारी करावी तसे आम्ही, आणि खाली फिरती एकेक सपात अलीकडून पलीकडे सारत होती. बाहेर आली तेव्हा तिची टोपी वाकडी झाली होती आणि ती म्हणाली, "सर, डावी माझ्या बोटावर होती, पण असू दे."

माझी सपात पायात आली आणि दुखणं आलं. ते जणू आतच दबा धरून बसलं होतं. टाच, पोटऱ्या, कंबर, सगळे एकदम. केस अजून अर्धीच झालेली. मागे भिंत होती. गार, फरशीची, हातभर अंतरावर. काचेत मेट्रनबाई. मी गुडघे घट्ट ताणून ठेवले.

"गुडघे ताणू नका," पलीकडून आवाज आला. डोळे पोटातच. "सैल सोडा. टाचा उचला. ठेवा. परत." मी उचलल्या. "आता भार डाव्यावर. उजवा सैल. बोटं सपातेत आवळा, सोडा." मी त्यांचं इतकं लांब बोलणं आजवर ऐकलं नव्हतं. मग फिरतीला म्हणाले, "सिस्टरना पायरी." बुटक्या सहायकांसाठी असते ती बुटकी लोखंडी पायरी फिरतीने माझ्या पायाशी सरकवली. एक पाय पायरीवर, थोड्या वेळाने दुसरा. कमरेतली गाठ कुणीतरी सोडल्यासारखी सुटली.

तेव्हा मी, कधी नव्हे ते, तिरक्या नजरेने त्यांच्या गाऊनच्या खालच्या कडेकडे पाहिलं. ती हलत होती. अगदी बारीक, संथ: टाच वर, टाच खाली, भार इकडे, भार तिकडे. वर खांदे दगडासारखे, बोटं टाके घालत होती, आणि खाली हा माणूस चालत होता. म्हणजे तो सकाळपासून चालतच होता. इतकी वर्षं आम्ही ज्याला खांब म्हणून नावाजलं तो एका जागी, कुणाच्या नकळत, गावच्या गावं मागे टाकत आला होता, आणि त्याच्यासमोर उभी राहून मला त्याचा पत्ता नव्हता! मी आतड्यांना थक्क होऊन बघणारी बाई, पण त्या दिवशी सर्वांत थक्क झाले ते एका गाऊनच्या कडेने. स्थिर उभं राहणारा माणूस स्थिर नसतोच. स्थिर राहिलेला पडतो.

केस पार पडली. शेवटचा टाका होईपर्यंत भिंत तिच्या जागी होती आणि मी माझ्या. आजारी माणूस ठीक आहे. शुद्धीवर आल्यावर त्याने मला ओळखलं नाही, पण तसं कुणीच ओळखत नाही. मेट्रनबाई काचेतून कधी गेल्या ते कळलं नाही. मला खांबाच्या खोलीत बोलावणं आलं.

मी बोलणी खायच्या तयारीने गेले. दार उघडलं तर ते जमिनीवर उताणे, दोन्ही पाय भिंतीला लावून वर. "दार लावा," म्हणाले. "खुर्चीला हात लावू नका, ती फसवी आहे. भिंत रिकामी आहे." मी तिकडच्या भिंतीशी आडवी झाले आणि पाय वर केले (पत्र ताईही वाचणार, म्हणून स्पष्ट लिहिते: मध्ये भलं मोठं टेबल होतं). पायातून काहीतरी गार, जड असं हळूहळू खाली ओघळायला लागलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा टेबलाखालून त्यांचे पाय दिसले, मोजे काढलेले.

भाऊजी, तुम्ही आयुष्यभर बुटांचे साचे घडवलेत, हजारो पाय पाहिले असतील, पण असे पाहिले नसतील. टाचेला एक भेग नाही. नखं सरळ रेषेत कापलेली, कोपरे न कोरता. बोटांच्या मधल्या जागा एखाद्या काटकसरी बाईच्या फडताळासारख्या कोरड्या. घट्टा नाही, फोड नाही. लहान बाळाचे पाय दाराएवढ्या माणसाला लावल्यासारखे. आणि पायांसाठी ते जे काही करतात ते ऐकून तर मी तिथल्या तिथे हात जोडले असते, पण पडल्या पडल्या ते बरं दिसलं नसतं. दाबाचे मोजे ते अंथरुणातून उतरण्याआधी चढवतात, पाय फुगण्याआधी (तुमच्या साडूंची पाठ आठवून मला गलबलून आलं). दुपारी मोजे बदलतात. घरी गेल्यावर पाय धुऊन बोटांच्या मधून मधून टिपतात, टाचांना मलम लावतात, बोटांच्या फटीत नाही. पादत्राणं विकत घ्यायला नेहमी संध्याकाळी जातात, कारण सकाळचा पाय खोटं माप सांगतो. रोज एकच जोड घालत नाहीत, घामेजलेल्याला एक दिवस वाळायला देतात. मऊ सपातेचं नाव काढलं तर म्हणाले, "चिखलात उभ्या राहाल का?" टाच धरून ठेवणारी वाटी हवी, तळव्याच्या खोलगटाला आधार हवा, म्हणून त्यांच्या सपातेत मुद्दाम करून घेतलेली गादी आहे.

मी म्हटलं, "सर, तुम्ही हे कुणाला कधी सांगितलं नाहीत?" ते भिंतीकडे बघत म्हणाले, "सर्जनला पाय असतात हे कळलं तर पेशंटचा विश्वास उडेल." मग थोड्या वेळाने म्हणाले की त्यांनीही एकदा हे काम सोडायचं ठरवलं होतं, पायांमुळे. कागदावर सहीसुद्धा केली होती. मी विचारलं, गादी कुणी केली? तर म्हणाले, तो कारागीर आता राहिला नाही. ही त्याच्या हातची शेवटची जोडी.

एवढ्यात दार वाजवून मेट्रनबाई आत आल्या. त्यांनी एका भिंतीवरचे पाय पाहिले, मग दुसऱ्या. चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. "नातेवाईक थांबलेत, सर," म्हणाल्या. "भिंतीवरून उतरलो की येतो," खांब म्हणाले. त्या जाता जाता माझ्याकडे वळल्या. "सपाता नीट करून घे. पहिली तारीख. तोपर्यंत मी खुर्ची कुणाला देत नाही. बादलीवर बसणारी बाई मला ओटीत नकोय, पण हत्यार न बघता देणारी दुसरी नाही माझ्याकडे." आणि दार हळूच लावून घेतलं.

तर असं आहे. बाकी सर्व क्षेम. ताईला सांगा, माझी काळजी करू नको. तुमचा खोकला सांभाळा, कामाच्या जागी तुम्हीही दिवसभर उभे असता, तेव्हा गुडघे ताणू नका, अधूनमधून टाचा उचलत जा. (हा सल्ला तुम्हाला देताना काय वाटतंय ते इथे लिहीत नाही.) घरातल्या सगळ्यांना माझा नमस्कार आणि धाकट्यांना पाठीत धपाटा.

तुमची मेहुणी

ता. क. पत्रासोबत खोकं आलं असेल. ताईच्या आधी ते तुम्हीच उघडा. त्यात सर्वांत वर प्लास्टरचे दोन पाय आहेत. ते माझे, हाडांच्या विभागातल्या पट्ट्या घालणाऱ्याने ठसे घेऊन दिलेत. मला काहीही नको असं वर लिहिलं आहे ते खोडायला जागा नाही, तेव्हा तसंच वाचा. पण माझ्या सपातेत बसेल अशी गादी घडवणं हे जगात आता तुम्हालाच जमेल, आणि पहिली तारीख डोक्यावर आहे. लग्नात तुम्ही माझे पाय पाहून "खोलगट तळवा, जपायला हवा" म्हणालात तेव्हा मी सगळ्यांदेखत तुमची नक्कल केली होती. ती चांगली झाली होती, एवढंच म्हणते.

आणखी ता. क. ठशांखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या हिरव्या सपाता आहेत. त्या माझ्या नाहीत. खांब परगावी परिषदेला गेलेत. तिथे बसून भाषणं ऐकायची असतात, म्हणून सपाता नेल्या नाहीत. त्या धुवायला गेल्यात असं फिरतीने सगळ्यांना सांगितलं आहे (फिरतीला बदल्यात भांडारातली खुर्ची हवी होती, ती माझ्या हातात नाही, म्हणून नव्या टोपीवर भागवलं). गादी कशी बेतली आहे ते पाहा, टाचेची वाटी मोजा, पण उसवू नका, कापू नका, नाकाशी सुद्धा जपून न्या. जमलं तर तिच्यासारखी एक त्यांच्यासाठीही करा. ती शेवटची जोडी असू नये असं मला वाटतं. सोमवारी त्यांची पहिली केस आहे, त्याआधी सपाता मांडणीवर हव्यात. नाहीतर मला भांडारातही ठेवणार नाहीत, सरळ खोक्यासारखी बांधून तुमच्याकडे पाठवतील.

शेवटचं. सर्वांत तळाला कागदावर पेन्सिलीने काढलेली दोन पावलं आहेत. ती मेट्रनबाईंची. कुणाची म्हणून विचारू नका, ती त्यांनी मला दिली असं मीही म्हणत नाही. रुंदी जरा सढळ हाताने धरा.

आणि खोकं बांधण्याआधी मी खांबाच्या त्या सपाता एकदा पायात घातल्या. नुसती स्वयंपाकघरात, ओट्यापाशी, काही न करता उभी राहिले. तुमचे साडू चहा मागायला आले आणि दारातच थांबले. "काय होतंय तुला?" घाबरून विचारलं त्यांनी.

काहीच होत नव्हतं, भाऊजी.